शेवटची मिल आधी: साखर कारखान्यातल्या सेन्सर नेटवर्कच्या प्रकल्प नोंदी

९ ऑक्टोबर २०२३, सोमवार

३४ नोड, म्हणजे सेन्सर आणि रेडिओ असलेले डबे, बसवून झाले. मिल हाउसमध्ये १८, बॉयलरकडे ९, बॉयलिंग हाउसला ७. कारखाना नगर जिल्ह्यातला, चार मिलचं टँडम (एकामागे एक मिल), अजून ओव्हरहॉलिंग चालू आहे. रोलर बसतायत, वेल्डिंगच्या ठिणग्या उडतायत आणि त्यातच आम्ही शिडीवर चढून डबे लावतोय. सगळ्या नोडचा डेटा जिथे गोळा होतो तो बॉर्डर राउटर मिल कंट्रोल रूमच्या बाहेरच्या भिंतीवर लावला आहे.

नवीन येणाऱ्या मुलांसाठी एकदा लिहून ठेवतो. आपण टीएससीएच वापरतो, म्हणजे आयईईई ८०२.१५.४ई या २०१२ च्या सुधारणेतून आलेली पद्धत. सगळ्या नोडची घड्याळं जुळलेली असतात. वेळेचे १० मिलिसेकंदांचे स्लॉट पाडलेले असतात आणि १०१ स्लॉटची एक स्लॉटफ्रेम पुन्हा पुन्हा फिरते, म्हणजे १.०१ सेकंदाचा एक फेरा. कुठल्या स्लॉटमध्ये कोण बोलणार, कोण ऐकणार हे आधीच ठरलेलं असतं. अशा ठरलेल्या एका जागेला सेल म्हणायचं. आपला सेल नसेल तेव्हा रेडिओ बंद. दर फेऱ्याला तोच सेल वेगळ्या चॅनलवर जातो, त्यामुळे एखादा चॅनल खराब असला तरी पुढच्या वेळी सुटका होते.

कुणाला किती सेल द्यायचे हे ठरवायला आपण एमएसएफचा नियम वापरतोय, आरएफसी ९०३३ या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजातला. शेजारी-शेजारी नोड आपसात बोलून सेल वाढवतात, कमी करतात. वायरलेसहार्ट या औद्योगिक मानकासारखा मध्यवर्ती मॅनेजर नाही. नोडवर चालणाऱ्या काँटिकी-एनजी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये सिक्सटॉप, म्हणजे सेल मागण्या-देण्याचा थर, तयार मिळतो, त्यावर एमएसएफचा भाग आम्ही स्वतः लिहिला.

आज सगळे नोड जोडलेले आहेत आणि एकही पॅकेट हरवत नाही. पण कारखाना बंद आहे, त्यामुळे या आकड्यावर मी विसंबणार नाही.

२४ ऑक्टोबर २०२३, मंगळवार

दसरा. बॉयलरचं अग्निप्रदीपन झालं. आम्हालाही नारळ फोडायला बोलावलं, बरं वाटलं. बॉयलरचे नोड उष्णतेत नीट आहेत.

४ नोव्हेंबर २०२३, शनिवार

गव्हाणीत मोळी पडली. संध्याकाळपर्यंत चारही मिल फिरायला लागल्या आणि महिनाभर ज्या जागेत नुसत्या हातोड्यांचा आवाज होता तिथे बोललेलं ऐकू येईना.

नेटवर्कचं चित्र असं: प्रत्येक नोड दर ३० सेकंदांनी एक पॅकेट पाठवतो. मिल हाउसमधले १२ नोड गँट्रीवरच्या ७ नंबरच्या नोडमार्फत राउटरपर्यंत येतात. त्या १२ पैकी ९ कंपनाचे आहेत: चार मिल मोटर, चार गिअरबॉक्स, एक फायब्रायझर (मिलच्या आधी ऊस फोडणारं यंत्र). उरलेले ३ बेअरिंगच्या तापमानाचे. म्हणजे ७ नंबरवर स्वतःचं धरून १३ नोडचा भार, सेकंदाला ०.४३ पॅकेट. एका फेऱ्यात एक सेल, तो ४४ टक्के वापरला जातो. एमएसएफच्या नियमाप्रमाणे ७५ टक्क्यांच्या वर गेलं तर सेल वाढवायचा, २५ च्या खाली आलं तर काढायचा. आपण बरोबर मधे आहोत.

७ नोव्हेंबर २०२३, मंगळवार

रात्री पावणेतीनच्या सुमारास तिसरी मिल चोकअप झाली. उसाचा थर च्यूटमध्ये अडकला, मोटर ट्रिप झाली, इंटरलॉकने मागचा कॅरियर थांबला. फिटर लोकांनी पहारी घेऊन दीड तासात मोकळी केली.

कंपनाचे नोड यासाठीच तर लावले आहेत. कंपन मर्यादेबाहेर गेलं की नोडने त्या क्षणाचे ५१२ नमुने जपून पाठवायचे. प्रत्येक नमुना २ बाइट, एकूण १०२४ बाइट. एका पॅकेटमध्ये हेडर वगैरे जाऊन आमचे ७५ बाइट बसतात, म्हणजे प्रत्येक नोडची १४ पॅकेट. एक मिल अडकली की सगळ्या टँडमचा भार बदलतो, पाया हादरतो, त्यामुळे नऊच्या नऊ नोड एकदम जागे झाले. १२६ पॅकेट.

पोचली ३१.

सकाळी चीफ इंजिनिअर साहेबांनी एकच प्रश्न विचारला, "तिसऱ्याच्या गिअरबॉक्सचं काय दिसतंय?" त्याच नोडची १४ पैकी ३ पॅकेट आली होती, आणि त्यावरून काहीही सांगता येत नव्हतं. मी तसं स्पष्ट सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण ज्या रात्रीसाठी नेटवर्क लावलं त्याच रात्री ते उपयोगी पडलं नाही, हे दोघांनाही कळत होतं.

१० नोव्हेंबर २०२३, शुक्रवार

धनत्रयोदशी. ऑफिस रिकामं आहे, कारखाना मात्र चालू आहे. तीन दिवस लॉग घेऊन बसलो होतो, आज उलगडा झाला. सविस्तर लिहितो, कारण या प्रकल्पातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे असं मला वाटतं.

मला वाटलं होतं एमएसएफने सेल वाढवले असतील, फक्त उशिरा. लॉगमध्ये त्या रात्री सेल वाढवण्याची एकही विनंती नाही. भार कितीतरी पट झाला आणि शेड्यूलला त्याचा पत्ताही लागला नाही.

एमएसएफ १०० सेल सरकू देतो आणि त्यातले किती वापरले ते मोजतो. फेऱ्याला एकच सेल असेल तर १०० सेल सरकायला १०१ सेकंद लागतात. निर्णय शंभराव्या सेलनंतर. आता ७ नंबरवर काय झालं ते बघू. त्याच्यामार्फत बोलणाऱ्या नोडना पोरं म्हणतो, आणि तो त्यांची आई. कंपनाची नऊ पोरं प्रत्येक फेऱ्यात एकेक पॅकेट वर देतात, म्हणजे ९ आत येतात आणि १ बाहेर जातं. क्यू, म्हणजे पाठवायच्या पॅकेटची रांग, १६ चा ठेवला होता. काँटिकीच्या रिंग बफरमध्ये एक जागा कायम रिकामी राहते, त्यामुळे प्रत्यक्षात १५ च मावतात. दुसऱ्या फेऱ्यातच क्यू भरला. पोरांची १४-१४ पॅकेट देऊन झाली तोवर १४-१५ सेकंद गेले. तेवढ्यात ७ नंबरने १५ एक पॅकेट पुढे ढकलली आणि क्यूमधली १५ पुढच्या १५ सेकंदांत. झालं, तीस सेकंदांत संपलं. बाकीची सगळी ७ नंबरच्या दारातच टाकली गेली.

आता मोजणीकडे बघा. १०० सेलपैकी ३० सेल पूर्ण भरलेले, उरलेल्या ७० मध्ये नेहमीचे ४४ टक्के, म्हणजे ३१. बेरीज ६१. पंचाहत्तरच्या खाली! नियमाच्या दृष्टीने त्या रात्री काही घडलंच नाही. पोरांच्या बाजूला तर १०० पैकी १७-१८ सेल वापरले गेले, म्हणजे त्यांचा हिशेब उलट कमी भाराकडे झुकला.

नियम वापरलेले सेल मोजतो. जी पॅकेट क्यूमध्ये जागा नाही म्हणून टाकली गेली, त्यांनी कुठलाच सेल वापरला नाही. म्हणून जेवढं नुकसान जास्त, तेवढा भार कमी दिसतो. आणि पोरांना याची खबरही नसते. पॅकेट पोचल्याची पावती रेडिओच्या पातळीवर त्याच स्लॉटमध्ये दिली जाते. क्यू भरलाय हे त्यानंतर वरच्या थरात कळतं. पोराला पावती मिळाली, त्याने आपली प्रत पुसली, आणि आईने ती टाकून दिली.

एमएसएफला दोष द्यायचा नाही. आरएफसीमध्येच लिहिलंय की किती सेलची खिडकी घ्यायची हे वाहतुकीचा प्रकार बघून ठरवा. हळूहळू वाढणाऱ्या, हळूहळू उतरणाऱ्या भाराला तो नियम उत्तम आहे. आपली वाहतूक महिनाभर शांत असते आणि मग तीस सेकंदांत उसळते, आणि ते तीस सेकंदच महत्त्वाचे असतात. १०० चा आकडा मी न विचार करता तसाच उचलला, ही चूक माझी.

क्यू मोठा करून भागेल का, हेही करून पाहिलं, कागदावर. नेहमीची वाहतूक एकाच सेलचे ४४ टक्के खातेच, उरलेल्या ५६ टक्क्यांत १२६ पॅकेट काढायला २२५ फेरे, पावणेचार मिनिटं. मधेच एमएसएफने सेल वाढवला असता हे मान्य, पण १२६ पॅकेट धरून ठेवायला एवढी मेमरी या चिपवर द्यायची तर बाकीचं काय काढणार?

१६ नोव्हेंबर २०२३, गुरुवार

नवा नियम लिहिला. सेलच्या वापराऐवजी क्यूकडे बघायचं. क्यूमध्ये ४ किंवा जास्त पॅकेट साचली की लगेच विनंती, आणि एकेक सेल न मागता क्यूच्या निम्मे, जास्तीत जास्त १० एकदम. टाकलेली पॅकेटही मागणीत धरायची. काढताना मात्र घाई नाही, पाच मिनिटं रिकामा राहिला तर एक सेल काढायचा. वाढवताना चटकन, काढताना सावकाश.

कूजा सिम्युलेटरवर चालवलं आणि पहिल्याच फेरीत अडकलं. ७ नंबर सेल मागतच नव्हता!

दोन तास शोधल्यावर सापडलं, आणि सापडल्यावर पोटात कालवलं, कारण हे प्रत्यक्ष कारखान्यात कधीच सापडलं नसतं. सेल मागणारा सिक्सटॉपचा ६पी संदेश हासुद्धा एक पॅकेटच आहे आणि तो त्याच शेजाऱ्याच्या त्याच क्यूमध्ये जातो. क्यू भरलेला असेल तर तो घेतलाच जात नाही. क्यूमध्ये शिरला तरी १४ पॅकेटच्या मागे उभा राहतो, म्हणजे चौदा सेकंद. ज्याला सेलची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच मागायला जागा नाही.

उपाय दोन. क्यूमधल्या दोन जागा फक्त ६पी साठी राखीव, डेटाला १३ च. आणि ६पी संदेश डेटाच्या पुढे जाणार. दुसरं करायला टीएससीएचच्या क्यूच्या कोडमध्ये हात घालावा लागला. सहकारी म्हणाली की मूळ कोडपासून जितकं लांब जाऊ तितका पुढे त्रास होईल. बरोबर आहे तिचं. तरी दुसरा मार्ग दिसत नाही.

२१ नोव्हेंबर २०२३, मंगळवार

नवीन फर्मवेअर टाकून आलो. ७ नंबर गँट्रीच्या लाइटिंग पॅनलवरून २४ व्होल्टवर चालतो, बाकीचे पोरांचे नोड बॅटरीवर.

या निमित्ताने एक हिशेब पक्का झाला. पाठवणाऱ्याकडे सेल असेल पण पॅकेट नसेल, तर तो झोपून राहतो, त्याला खर्च नाही. ऐकणाऱ्याला मात्र प्रत्येक सेलला उठून कान द्यावा लागतो. काँटिकी-एनजीच्या डिफॉल्टप्रमाणे २.२ मिलिसेकंद रेडिओ चालू ठेवून तो वाट बघतो आणि मग बंद करतो. दहा रिकामे सेल म्हणजे दर फेऱ्याला २२ मिलिसेकंद, दोन टक्क्यांच्या वर. बॅटरीवरच्या नोडला हे परवडत नाही. राउटर आणि ७ नंबर दोघंही तारेवर आहेत, त्यांना सढळ हाताने सेल दिले तरी चालेल. काटकसर फक्त बॅटरीवाल्या मध्यस्थांपाशी. हे मी आधी सगळ्यांना एकाच मापाने मोजत होतो.

संध्याकाळी एक बारीक चोकअप झाला. १२६ पैकी ११९ आली. सात गेली, तीही कळण्यासारखी: ६पीचा प्रश्न एका फेऱ्यात जातो, उत्तर दुसऱ्या फेऱ्यात येतं. म्हणजे मागितल्यापासून सेल हातात पडेपर्यंत दोन सेकंद, आणि तेवढ्यात अठरा पॅकेट आत. नियम कितीही तल्लख केला तरी हे दोन सेकंद जाणारच.

२८ नोव्हेंबर २०२३, मंगळवार

परवापासून अवकाळी पाऊस. शेतातून गाडी निघत नाही, तोडणी बंद, यार्ड रिकामं. कारखान्यात 'नो केन'. चारही मिल उभ्या.

कंपनाचे नोड गप्प आहेत. जादा सेल पाच-पाच मिनिटांनी एकेक करून गेले, सगळीकडे एकेक उरला. कागदावर हे योग्यच झालं.

३० नोव्हेंबर २०२३, गुरुवार

पहाटे मिल पुन्हा सुरू झाल्या. मी मुद्दाम थांबलो होतो, बंद पडून सुरू होणं हा नेटवर्कवरचा सगळ्यात मोठा झटका असणार असं वाटत होतं. तसंच झालं. नऊही नोडनी मर्यादा ओलांडली, आणि ७ नंबर एका सेलवर येऊन बसलेला. पुन्हा वीसेक पॅकेट गेली.

त्याहून मोलाचं जे मिळालं ते मिल फोरमनकडून. प्लॅटफॉर्मवर उभं राहून बघत होतो. त्यांनी आधी चौथी मिल फिरवली. मग तिसरी, दुसरी, पहिली. मग फायब्रायझर. केन कॅरियर सगळ्यात शेवटी. मी विचारलं, "काका, उलटं का?" त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने बघितलं. "अहो साहेब, पहिली आधी फिरवली तर माल जाणार कुठं? पुढची उभीच आहे की. बाहेर जायची वाट आधी मोकळी करायची, मग आत घ्यायचं. बंद करताना कॅरियर आधी."

मी तिथेच वहीत लिहून घेतलं. आमच्या नेटवर्कमध्ये नेमकं याच्या विरुद्ध चालतं. पोराचा क्यू भरतो, ते आईकडे सेल मागतं, आई देते. आता आईकडे दुप्पट येतं, मग तिचा क्यू भरतो, मग ती वर मागते. म्हणजे पहिली मिल आधी आणि चौथी सगळ्यात शेवटी. प्रत्येक पायरीला दोन सेकंदांचा उशीर, आणि आमचा सगळा माल ७ नंबरच्या च्यूटमध्ये चोक.

९ डिसेंबर २०२३, शनिवार

मधेच वेगळंच प्रकरण. चार दिवस वजनकाट्याच्या बाजूच्या फांदीवर सेल वाढत होते. एकावरून दोन, दोनावरून तीन. डेटा तेवढाच, एकही पॅकेट हरवत नाही. डॅशबोर्ड हिरवा. माझ्या सहकारीच्या नजरेला सेलचा आलेख पडला म्हणून, नाहीतर हंगाम संपेपर्यंत कळलं नसतं.

आम्ही चारच चॅनलवर उड्या मारतो: १५, २०, २५, २६. वाय-फाय १, ६, ११ वर असेल तर हे चारही मोकळ्या फटींत पडतात. वजनकाट्याच्या कॅमेऱ्यांसाठी नवीन वाय-फाय राउटर लागला होता, तो 'ऑटो'वर, आणि त्याने १३ नंबर निवडला. त्याचा मध्य २४७२ मेगाहर्ट्झवर. आमचा २५ नंबर २४७५ वर आणि २६ नंबर २४८० वर. दोन्ही झाकले गेले. चारपैकी दोन चॅनल गेले म्हणजे निम्मे प्रयत्न वाया, प्रत्येक पॅकेटला सरासरी दोनदा पाठवायला लागतंय. आमचा नियम याला भार समजला आणि सेल देत सुटला.

पॅकेट पोचली, हे चांगलं. पण शेड्यूलने आजार झाकून ठेवला, हे मला अस्वस्थ करतं. स्वतःला जुळवून घेणाऱ्या कुठल्याही यंत्रणेत हा धोका आहे: ती इतकी निमूटपणे सोसते की मूळ बिघाड कुणाला दिसत नाही. आजपासून दोन आकडे वेगळे नोंदवायचे. नवीन पॅकेट किती, आणि पुन्हा पाठवलेली किती. सेल मागताना दोन्ही धरायची, पण दुसऱ्या आकड्याने मर्यादा ओलांडली की माणसाला कळवायचं, चॅनलनिहाय.

वाय-फाय ११ वर आणला. दुपारपर्यंत सेल परत एकावर.

२२ डिसेंबर २०२३, शुक्रवार

'शेवटची मिल आधी' लिहून झालं. कारखान्याच्या पीएलसीमधून (यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरमधून) दोन कोरडे संपर्क, म्हणजे नुसते उघड-बंद होणारे स्विच, घेतले, एक 'मिल चालू', दुसरा 'मिल करंट जास्त'. चोकअप होण्याआधी करंट चढतो, कंपनाच्या आधी काही क्षण. तो क्षण आम्हाला पुरतो.

संपर्क लागला की राउटर स्वतःहून ७ नंबरला सेल देऊ करतो. ६पीमध्ये विनंती दोन्हीपैकी कुणीही करू शकतो, पोरानेच करायला हवी असं बंधन नाही. ७ नंबरला वरची वाट मिळाली की मगच तो पोरांना खालचे सेल देतो. त्याच्याकडे फेऱ्याला दहा बाहेरचे सेल असले तर १२६ पॅकेट तेरा-चौदा सेकंदांत निघतात. त्यासाठी त्याचे घेण्याचे आणि देण्याचे मिळून २५२ स्लॉट लागतात, कारण रेडिओ एकच आहे, एकाच वेळी ऐकणं आणि बोलणं जमत नाही. तेरा-चौदा फेऱ्यांत मिळून तेवढी जागा आहे.

शिवाय मिल चालू असेपर्यंत ७ नंबरकडे चारपेक्षा कमी सेल कधीच असणार नाहीत, भार असो वा नसो. नऊ आत आणि चार बाहेर, म्हणजे फेऱ्याला पाचच साचतात. पीएलसीचा इशारा आला नाही तरी ६पीचे ते दोन सेकंद क्यू सोसतो. राउटर तारेवर आहे, त्याला ऐकायला काही जात नाही. 'नो केन' असेल तेव्हा एकवर यायचं, आणि 'मिल चालू' लागला की माल पडायच्या आधी चारवर. फोरमनकाका मिल एकेक करून फिरवतात तेवढ्यात आमचं होऊन जातं.

५ जानेवारी २०२४, शुक्रवार

सहकारीशी आज लांबलचक चर्चा. तिचं म्हणणं, नऊही नोडनी पूर्ण लाटेचे नमुने एकदम पाठवायची गरजच काय? आधी एका पॅकेटमध्ये सार पाठवा: कंपनाची सरासरी पातळी, सर्वोच्च टोक, वेळ. नमुने फ्लॅशमध्ये ठेवा. राउटर ज्याची पातळी जास्त त्याचे आधी मागवेल, मग पुढचा. सार नऊ पॅकेटांत, चार-पाच सेकंदांत सगळं चित्र समोर. नमुने एकेका नोडचे ओढले तर दोन मिनिटांच्या थोडं वर, तिघांचे एकदम ओढले तर पाऊण मिनिट. क्यू दोन-तीनच्या वर जाणार नाही.

हे तिला ऑक्टोबरमध्ये सुचलं असतं तर आपण शेड्यूलमध्ये हात घातलाच नसता, असं ती म्हणाली. मला तसं वाटत नाही. भार मुळाशीच आवरता येतो तिथे तो आवरलाच पाहिजे, त्यात वाद नाही, आणि आजच ते करायला घेतलं. पण काही भार असा असतो की तो पाठवणाऱ्या प्रोग्रामच्या हातातच नसतो. वजनकाट्याचं वाय-फाय. किंवा मागच्या आठवड्यात लाइटिंग पॅनल ट्रिप झालं तेव्हा ७ नंबर मेला आणि त्याची बारा पोरं ११ नंबरकडे गेली. ११ वर स्वतःचे धरून ६ नोडचा भार होता, एका क्षणात तो १८ चा झाला. एमएसएफमध्ये आई बदलली की पोर जुन्या आईकडे जेवढे सेल होते तेवढेच नवीन आईकडे मागतं, तसं पोरांनी मागितलंही. पण ११ नंबरच्या स्वतःच्या वरच्या वाटेचा विचार कुणी केला नव्हता. क्यूवरच्या नियमाने तो सावरला, नाहीतर मिल हाउस अर्ध्या तासासाठी आंधळं झालं असतं. ७ नंबर परत आल्यावर पोरं म्हणत होती आमच्याकडे सेल आहेत, त्याच्याकडे कोरी पाटी. ६पीचा अनुक्रमांक जुळला नाही म्हणून शेड्यूल पुसून नव्याने मागणी झाली, हा भाग मात्र आरएफसी ८४८० प्रमाणे निमूट पार पडला.

दोन्ही हवंय. शेवटी यावर दोघांचं जमलं.

१९ जानेवारी २०२४, शुक्रवार

सकाळी ११ वाजून ८ मिनिटांनी तिसरी मिल पुन्हा चोकअप झाली. मी योगायोगाने कंट्रोल रूममध्येच होतो, हात खिशात घालून नुसता स्क्रीनकडे बघत उभा राहिलो.

करंटचा संपर्क लागला. ७ नंबरचे सेल चारावरून दहावर गेले. त्यानंतर पहिलं सार आलं, फायब्रायझरचं, मग एकामागोमाग बाकीची आठ. पाचव्या सेकंदाला नऊ ओळी पूर्ण. सगळ्यात वरची ओळ तिसऱ्या मिलच्या गिअरबॉक्सची. राउटरने तिचेच नमुने आधी मागवले.

१४ पैकी १४.

बाकीचेही आले, १२६ पूर्ण, क्यूची कमाल ६. एकही पॅकेट टाकलं गेलं नाही. चीफ साहेब आत आले तेव्हा लाट स्क्रीनवर होती. त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि बराच वेळ बघत राहिले. गिअरच्या दातांच्या वारंवारितेच्या दोन्ही बाजूंना छोटी टोकं आहेत, ती नोव्हेंबरमध्ये होती का, असं त्यांनी विचारलं. नोव्हेंबरची लाट आपल्याकडे नाही, हे मला परत सांगावं लागलं. पुढच्या जनरल क्लीनिंगच्या बंदमध्ये गिअरबॉक्स उघडून बघायचं त्यांनी लॉगबुकात लिहिलं.

फोरमनकाकांना निरोप दिला की तुमची युक्ती वापरली. ते पहारीवर होते, हात हलवला.

उरलेली कामं: ११ नंबरलाही २४ व्होल्ट, म्हणजे ७ गेला तरी तारेवरची दुसरी वाट राहील. बॉयलरच्या नऊ नोडसाठी 'चालू' संपर्क अजून घ्यायचा आहे. क्यूच्या कोडमधला बदल एकाच फाइलमध्ये आणायचा, सहकारीला तसं कबूल केलं आहे.